हिरड्याचं पाणी

हॉलमध्ये एक टेबल होतं आणि सहा खुर्च्या होत्या. टेबल सहा फूट बाय तीन फूट. खुर्च्यांपैकी चार काळ्या होत्या. उरलेल्या दोन खुर्च्यांचं नेमकं काय झालंय, ते पडदे ओढलेले असेपर्यंत सांगता येत नव्हतं. डॉक्टर आकांक्षांनी पूर्वेचा पडदा सारला, मार्चमधलं सकाळी नऊचं ऊन फरशीवरून खुर्च्यांच्या पायांपर्यंत आलं, आणि मग लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

"काका, या दोन निळ्या दिसतायत."

रूपराव फरशीवर उकिडवा बसला होता. त्यानं खुर्चीच्या पायावरून अंगठा फिरवला.

"निया नाई मॅडम. उन्हाचा खेळ आहे तो. पडदा लावा, सारं कायंच दिसते."

"मग आम्ही पडदे लावूनच जेवायचं का?" डॉक्टर हसल्या आणि लगेच त्यांनी हसू आवरलं. दीड महिन्यापूर्वी या माणसाची बायको गेली हे त्यांना ठाऊक होतं. मूळच्या त्या पुण्याच्या, सावंगीला शिकवायला आलेल्या. कुठलासा फोटो पाहून त्यांनी हे ओकचं लाकूड नागपूरच्या डेपोतून मागवलं होतं. अट एकच घातली होती: वरून रंग नको, लाकूडच काळं व्हायला हवं, रेषा दिसल्या पाहिजेत. असं काळं करणारा वर्ध्यात एकच माणूस आहे, असं खुर्च्या करणाऱ्या सुतारानं सांगितलं. म्हणून रूपराव.

"स्पष्टच बोलते काका. पुढच्या रविवारी नागपूरहून एक स्प्रेवाला येतोय, दारांच्या कामाला. तो म्हणतो, टेबल आणि सहाही खुर्च्या काळ्या पेंटखाली घेतो. मग फरकच राहणार नाही."

"चांगल्या चार बी?"

"एकसारखं दिसायचं तर सगळ्याच घ्याव्या लागतील. मलाही नकोय ते. त्याआधीच्या शनिवारपर्यंत या दोन त्या चारांसारख्या झाल्या, तर त्याला मी यातल्या कशालाही हात लावू देणार नाही."

रूपरावानं त्या चार खुर्च्यांकडे पाहिलं. नोव्हेंबर-डिसेंबरात झालेल्या. ओलीत दिलेल्या काळ्या रानासारखा त्यांचा रंग होता, आणि त्यात ओकच्या रेषा मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट होत्या. त्यांच्यावरचं पहिलं पाणी त्याच्या बायकोनं, अन्नपूर्णेनं उकळलं होतं. त्यानंतर तिनं कुठल्याच लाकडासाठी पाणी उकळलं नाही. जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी ती नळावर कळशी भरता भरता खाली बसली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव झाल्याचं सांगितलं. या दोन निळ्यांचं पाणी त्यानं स्वतःच उकळलं होतं. आता पुढच्या रविवारी त्या चारांवरही पेंटची फवारणी होणार होती.

"शनिवारी आणतो," तो म्हणाला.

सुतार गजेंद्रचा टेम्पो खाली उभा होता. दोन निळ्या खुर्च्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी वर चढवल्या. सावंगीहून बोरगाव मेघेपर्यंत गजेंद्रचं तोंड थांबलं नाही.

"रूपभाऊ, डब्यातला काया मार अन् मोकया हो. कोण पाहून राह्यलं रेषा?"

"डब्यातला काया तू तुह्या मिशीले मार."

"तेच तं मारतो! दर अमुशाले," गजेंद्र म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर इतका हसला की टेम्पो खड्ड्यात गेला. "हळू चालव बे," रूपराव म्हणाला आणि मागे वळून त्यानं खुर्च्या पाहिल्या.

काम तसं सांगायला सोपं आहे. हिरडा कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि ते पाणी लाकडाला पाजायचं. सुकलं की वरून लोखंडाचं पाणी फिरवायचं, म्हणजे आठवडाभर व्हिनेगरमध्ये गंजत ठेवलेल्या खिळ्यांचं गाळून घेतलेलं पाणी. हात फिरता फिरता लाकूड आधी राखेसारखं होतं, मग पाटीसारखं, मग काळं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकमेकांना भेटतात तिथेच हा काळा तयार होतो, लाकडाच्या आत. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापसाच्या पोटलीनं दहा-बारा हात चढवायची. सागावर, बाभळीवर, जुन्या कपाटांवर रूपरावानं पस्तीस वर्षं हेच केलं होतं. वीस हिरडे, दोन लिटर पाणी, पाऊण तास.

घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यानं दोन्ही खुर्च्या पॉलिशपेपर मारून पुन्हा कोऱ्या केल्या. मग ओकच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या पाडल्या आणि त्यांच्यावर करून पाहायला लागला. वीस हिरडे. निळसर. व्हिनेगर बदललं. निळसर. खिळ्यांऐवजी तारेचा घासणा गंजवून त्याचं पाणी वापरलं. राखाडी, आणि उन्हात धरलं की निळं. लाख जास्त तांबूस घेतली. सावलीत पट्टी काळी दिसली, त्याला बरं वाटलं. पण दारात नेल्यावर लाखेच्या खालून निळं वर आलं, मुक्या मारासारखं. तो चिडला आणि एकदम पन्नास हिरडे टाकले. ती पट्टी तपकिरी झाली, चिकट झाली, आणि फडक्यानं पुसली तर फडकंच काळं निघालं.

"फॉरेनचं लाकूड," तो पट्टीला म्हणाला. "नाटकी."

मधल्या रविवारी वर्षाली घरी होती. त्याची एकुलती एक. रसायनशास्त्रात बीएस्सी करून वर्ध्यात एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलेली. आंघोळ करून ती शेडमध्ये आली, जमिनीवर पसरलेल्या पट्ट्या पाहिल्या, आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या पाठीवर आकडे घालायला लागली. एकोणीस निघाल्या.

"कोणत्या पट्टीले किती हिरडे, लिहून ठेवलं का बाबा?"

"मी का लॅबमधला साहेब आहो?"

"आई कशी करे?"

"पाणी उकये. बस."

"अन् मंग?"

"मंग काय? बोट बुडवे, जिभेले लावे. म्हणे अजून दोन टाका. नाई तं म्हणे पाणी घाला. सवय होती तिले. वरणाची चव घेते बाई, तशी."

वर्षालीनं पेन्सिल थांबवली. "नैवेद्याच्या दिवशी आई वरणाची चव घेत नव्हती. देवाच्या आधी उष्टं होते म्हणे. पण त्या दिवशीबी ह्याची घेत होती. मी पाह्यलं आहे."

रूपरावानं एक पट्टी उचलून उलटी ठेवली.

"म्हंजे दर खेपेले वीस हिरडे नसतच?"

"वीस मी मोजून देओ. मंग ते तिचं..."

पस्तीस वर्षं त्यानं वीस हिरडे मोजून तिच्या ओंजळीत टाकले होते. पातेल्यात किती पडले ते कधीच पाहिलं नव्हतं. त्याला नोव्हेंबरातली एक दुपार आठवली. डॉक्टर आकांक्षा काम पाहायला शेडमध्ये आल्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, "काकूही पॉलिश करतात?" आणि तो म्हणाला होता, "नाई जी. ती नुसतं पाणी उकयते." अन्नपूर्णा तिथेच उभी होती, पाण्याची कॅन घेऊन. तिनं कॅन या हातातून त्या हातात घेतली होती. एवढंच.

त्यानं पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि वाट पाहिली. काही नाही. गरम पाणी, बस. तीस वर्षांच्या खर्ऱ्यानं, सुपारी-तंबाखू-चुन्यानं, त्याची जीभ कातडं झाली होती. ताटात मीठही तो अंदाजानं घ्यायचा, आणि अन्नपूर्णा दर वेळी ताटातून वाटी मागे ओढायची.

"तू पाहा," तो मुलीला म्हणाला.

वर्षालीनं बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "तुरट आहे. पण किती तुरट पाह्यजे, ते मले कसं समजणार?" ती तोंड धुवायला घरात गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ बंद झाल्याचा आला नाही.

"बाबा, हे गुलाबजलच्या बाटलीत काय आहे? लोणच्याच्या मागं?"

"ठेव तिथं."

तो इतक्या जोरात ओरडला की वर्षाली बाटली हातात घेऊनच दारात आली. आत चहाच्या रंगाचं पाणी होतं. झाकण उघडलं तर स्पिरिटचा वास आला. टिकावं म्हणून थेंबभर घातलेलं.

"आईचं?"

"चवथ्या खुर्चीचं," रूपराव म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "दर खेपेले थोडंसं राखून ठेवे. पुढची खेप झाली की फेके. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मले दिसलं. मी हात नाई लावला."

वर्षाली उंबऱ्यावरच बसली. "फुकट नव्हती राखत बाबा. नमुना होता हा. नवीन पाणी जिभेले लावायचं, मंग हे लावायचं. दोन्ही सारखे लागले की झालं. आमी लॅबमध्ये हेच करतो."

"बारावी नापास होती ते."

"म्हून काय झालं?"

तिनं बाटलीतला एक थेंब चाखला, मग पातेल्यातला, मग पुन्हा बाटलीतला. तिसऱ्या थेंबाला जीभ टाळूला चिकटली, आणि चौथ्यापासून सगळंच सारखं तुरट लागायला लागलं. गूळ खाऊन, अर्धा तास थांबून तिनं पुन्हा पाहिलं. तेच झालं. नव्या पाण्यापेक्षा जुनं दाट आहे एवढं कळत होतं. किती दाट, ते कळत नव्हतं.

"आईले कसं जमे?"

"तिले विचाराले पाह्यजे होतं," रूपराव म्हणाला.

मग वर्षालीनं तिला सुचलेली गोष्ट सांगितली. बाटलीतलं शंभर मिलिलिटर वजन केलेल्या वाटीत घ्यायचं, लॅबच्या भट्टीत पाणी पूर्ण उडवायचं, आणि खाली जे उरेल ते तोलायचं. मग नवं पाणी त्याच आकड्यावर आणायचं. जिभेची गरज नाही.

"अन् ते शंभर?"

"ते जाईन."

"मंग नाई."

"बाबा, नाई तं ते रविवारी पेंटवाले..."

"नाई म्हटलं ना वर्षू."

सोमवारी तो एकटाच शेडमध्ये होता. बावीस हिरडे, चोवीस, सत्तावीस. दोन पट्ट्या बऱ्यापैकी झाल्या. त्यानं त्या दारात उन्हाला धरल्या, मग शेजारच्या कौलाच्या सावलीत, मग पुन्हा उन्हात. त्या चार खुर्च्यांचा काळा त्याच्या डोळ्यांपुढे होता, पण डोळ्यांपुढे असणं आणि शेजारी ठेवून पाहणं वेगळं. दुपारनंतर त्याला कुठला काळा आठवतोय तेही नक्की सांगता येईना. तीन वेळा तो घरात गेला, फ्रिज उघडला, बाटली आहे हे पाहिलं आणि परत आला.

मंगळवारी सकाळी वर्षाली कामावर निघाली तेव्हा तिची डब्याची पिशवी नेहमीपेक्षा जड होती. तिनं आत पाहिलं. डब्याच्या शेजारी, तिच्या आईच्या जुन्या ब्लाऊजपीसमध्ये बाटली गुंडाळून उभी ठेवली होती.

"जपून नेजो," रूपराव दाराआडून म्हणाला. "अन् उरलेलं वापस आणजो."

ती साडेपाचला परत आली. बाटलीत दोनशे तीस मिलिलिटर होतं, त्यातलं एकशे तीस परत आलं होतं. झाकणाच्या छोट्या काचेच्या डबीत तिनं भट्टीत सुकून उरलेलं आणलं होतं. तांबूस, चकचकीत पापुद्रे, वाळलेल्या डिंकासारखे.

"हेच?"

"हेच. शंभरात सहा पॉइंट दोन ग्रॅम."

"अन् माह्यं?"

"तुमच्या वीस हिरड्यांचंबी थोडं नेलं होतं मी, ते तीन पॉइंट चार. यंदाचे हिरडे आतून पोकळ आहे बाबा, मी फोडून पाह्यले. आईनं असते तं जास्तीचे टाकले असते."

रूपरावानं डबी उघडली. नखाएवढा पापुद्रा उचलून जिभेवर ठेवला, तोंड मिटलं, डोळेही मिटले. वर्षाली त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लागते काई?"

त्यानं मान हलवली. मग डबी बंद करून तिच्या हातात दिली.

बुधवारी सकाळीच अडतीस हिरड्यांचं पाणी झालं. वर्षालीनं दुपारच्या सुटीआधीच नमुना सुकवून फोन केला: सात पॉइंट एक. किती पाणी घालायचं ते तिनं फोनवरच हिशेब करून सांगितलं, आणि रूपरावानं लिटरचं माप डोळ्यांसमोर धरून, थेंब ओघळेपर्यंत थांबून ते घातलं. दुसरा नमुना त्यानं स्वतः लॅबमध्ये नेऊन दिला, आणि संध्याकाळच्या आत आकडा आला. सहा पॉइंट दोन. वर्षाली पळत घरी आली. ब्रश धुऊन तयार होते, दोन्ही खुर्च्या उलट्या करून सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर ठेवल्या होत्या. रूपरावाच्या हातात गुलाबजलची बाटली होती.

"बाबा, काय करून राह्यले?"

त्यानं झाकण उघडलं आणि बाटली पातेल्यावर वाकवली.

"बाबा! उद्या पुन्हा मोजायचं पडलं तं काय करायचं?"

"तू मोजलं ना. झालं."

"पण कामून? दोन्ही सारखंच आहे. टाकल्यानं काईच फरक पडणार नाई."

"विरजण न लावता दही लागते का?"

"हे दही नाई बाबा."

"मंग फरक पडत नाई तं टाकलं म्हून काय बिघडते?" त्यानं वर पाहिलं. "सहाच्या सहा तिच्या हातच्या झाल्या पाह्यजे. पाणी नुसतं मी उकयलं, अस्सं सांगीन लोकाले."

बाटली रिकामी झाली. रूपरावानं पातेल्यातलं थोडं पाणी तिच्यात घेतलं, हलवलं आणि परत ओतलं. लॅबमध्ये असं तीनदा करतात. त्यानं चारदा केलं.

मग त्यानं ब्रश बुडवला. लाकूड पाणी पीत गेलं. गुरुवारी लोखंडाचं पाणी चढलं, आणि सकाळी अकरापर्यंत खुर्च्या अशा काळ्या झाल्या की रजा घेऊन घरी थांबलेल्या वर्षालीनं त्या दोनदा उन्हात फिरवल्या. निळं कुठेच नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसलं तर फडकं स्वच्छ निघालं. शुक्रवारी त्यानं लाखेचे बारा हात दिले. पोटली फिरवताना तो मध्येच थांबून मागे वळायचा, "कसं वाटते व?" असं विचारल्यासारखा, आणि पुन्हा वाकायचा. खर्रा त्यानं त्या दिवशी खाल्ला नाही. सोडूनही आता काही उपयोग नाही हे त्यालाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी गजेंद्रच्या टेम्पोनं खुर्च्या सावंगीला गेल्या. वर्षालीही बरोबर होती. गजेंद्र या वेळी फारसं बोलला नाही. गोणपाट सोडताना त्यानं एका पाठीवर हात ठेवला आणि नुसतं "हॅट लेका" म्हणाला.

डॉक्टर आकांक्षांनी सगळे पडदे उघडले. सहाही खुर्च्या टेबलाभोवती लागल्या होत्या, गजेंद्रनं मांडताना त्या अशा मिसळल्या होत्या की त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टर टेबलाभोवती दोनदा फिरल्या. एकदा वाकून, एकदा मान तिरकी करून.

"काका, मला तर कळतच नाहीये. कोणत्या आणल्यात?"

रूपराव हसला. कितीतरी दिवसांनी हसला. पहिल्या चारांचं पाणी अन्नपूर्णेनं जमवलं होतं, हेही त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी तिथूनच स्प्रेवाल्याला फोन लावला आणि फक्त दारांचंच काम आहे म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्या रूपरावाकडे वळल्या.

"एक विचारू? काकूंच्या चार कोणत्या? मला माहीत असायला हव्यात."

"मले तं झाकल्या डोयानंबी सांगता येईन," रूपराव म्हणाला.

तो टेबलापाशी गेला. पहिल्या खुर्चीवर त्यानं लगेच हात ठेवला. "हे." दुसरीसाठी तो खाली बसला, पायाच्या रेषा पाहिल्या, मग म्हणाला, "अन् हे." तिसरीपाशी तो थांबला. पाठीवरून बोटं फिरवली, शेजारच्या खुर्चीवरून फिरवली, पुन्हा पहिलीकडे आला. दोन खुर्च्या उचलून त्यानं खिडकीपाशी उन्हात नेल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागे सरकून पाहत उभा राहिला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यानं खुर्चीच्या पाठीला नाक लावलं. लाखेचा वास, दोन्हींना तोच. नऊ एकतीसला त्यानं तिसरी निवडली. चौथीवर हात ठेवायला आणखी सहा मिनिटं लागली, आणि ठेवला तेव्हा तो तिथंच बराच वेळ राहिला.

"ह्या चार," तो म्हणाला. "ह्या तिच्या आहे."

घरून निघण्याआधी वर्षालीनं नव्या दोन खुर्च्यांच्या बैठकीखाली पेन्सिलनं बारीक फुली केली होती, लॅबमध्ये प्रत्येक नमुन्यावर करतात तशी. वडिलांना तिनं ते सांगितलं नव्हतं. ती फरशीवर बसली आणि त्यानं निवडलेल्या चार खुर्च्या एकेक करून वाकवून पाहिल्या. मग उरलेल्या दोन पाहिल्या. त्यांच्याखाली फुली नव्हती.

"किती बरोबर निघाल्या व?" रूपरावानं विचारलं.

"चारातल्या दोन."